खिशातली धार : प्रस्तावना

काठीच्या राजवाडी होळीचा खड्डा लोखंडाने खणत नाहीत. पहार नको, कुदळ नको. हातांनी आणि लाकडाने माती उकरायची, अशी तिथली रीत आहे. ही होळी १२४६ सालापासून चालत आल्याचे सांगतात. त्या खड्ड्यात उंच बांबू उभा राहतो, रात्रभर ढोल वाजतात आणि पहाटे होळी पेटते. लोखंड बाजूला ठेवायचे ते त्या खड्ड्यापुरतेच. होळीला आलेल्या माणसांच्या हातांत धाऱ्या असतात, कुऱ्हाडी असतात, तीरकामठे असतात. कुठे लोखंड लावायचे आणि कुठे नाही, याची जाण असलेले हे गाव आहे, आणि या पुस्तिकेचा विषय मला तिथेच नीट उमगला.

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, देवगोईचा घाट चढून मोलगीच्या अंगाला गेले की काठी येते. जुन्या मेवासी संस्थानांपैकी हे एक. भिल्ल आणि पावरा वस्तीचा हा सातपुडा आहे. इथे माणूस लहानपणापासून पात्यांच्या संगतीत वाढतो. सरपणाला कुऱ्हाड, कुंपणाला धाऱ्या, पिकाला विळा, आणि गुजरातेत ऊसतोडीला जायचे तर कोयता. ही सगळी मोठी अवजारे. ती खांद्यावर, कमरेला किंवा हातात वागवायची. त्यांच्याविषयी इथल्या माणसाला शिकवायला जाणे हा आगाऊपणा होईल.

मला लिहायचे आहे ते त्यांच्या खालच्या जागेविषयी. होळीत नाचणाऱ्या बुध्यांच्या डोक्यावरचा मोरपिसांचा टोप पाहा. त्याचा सांगाडा बांबूच्या बारीक कामट्यांचा असतो. कमरेला बांधलेल्या वाळक्या दुधी भोपळ्यांना भोके पाडावी लागतात, दोऱ्या मापात कापाव्या लागतात. कामठ्याची दोरीसुद्धा बांबूच्याच चिपेची. ती चीप एकसारखी सोलली नाही तर ताण घेताना तुटते. ही कामे कुऱ्हाडीची नव्हेत. ती तीन इंची पात्याची कामे आहेत, आणि दिवसभरात अशी कामे सतत निघतात. खताच्या गोणीची शिवण उसवायची, ठिबकची नळी कापायची, शेळीच्या पायातला काटा काढायचा, औषधाच्या खोक्याची चिकटपट्टी चिरायची, वाटेत काकडी कापून खायची. अशा वेळी माणूस दात लावतो, नाहीतर हातातला विळाच वेडावाकडा धरून काम भागवतो आणि बोट कापून घेतो.

खिशात मावणारा, घडी होणारा, रोज वापरता येईल असा आणि परवडणारा चाकू कसा निवडावा, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. ती चाकू जमवणाऱ्या हौशी माणसांसाठी लिहिलेली नाही. डोंगरातल्या शाळेवरचा शिक्षक, पाड्यापाड्याने फिरणारी आशाताई, वनरक्षक, आंब्याची कलमे बांधणारा शेतकरी, दिवाळीत अस्तंब्याची यात्रा चालणारा तरुण, शिक्षणासाठी नंदुरबारला किंवा पुण्याला खोली करून राहणारी मुलगी, अशा वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे.

चाकू म्हटले की आपल्या शहरी डोक्यात आधी रामपुरी येतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांनी घडवलेला तो लांब पात्याचा, खटक्यासरशी उघडणारा चाकू. १९७० च्या दशकातल्या हिंदी सिनेमाने त्याला इतके गाजवले, की खिशात चाकू बाळगणारा माणूस संशयाचा धनी झाला. आपली जुनी परंपरा तशी नव्हती. पानाच्या चंचीत अडकित्ता असे आणि त्याला कुणी हत्यार म्हणत नसे. कोकणात आजही कमरेमागच्या आकडीला कोयती लटकवून माणसे रानात जातात. सोबत बाळगायचे पाते ही मराठी मुलखाला परकी गोष्ट नाही. घरात विळी होती, रानात कोयता होता; खिशाला मात्र स्वतःचे पाते कधी नीट मिळाले नाही. ती जागा बाजारातल्या चकचकीत, पत्र्याच्या चाकूंनी भरून काढली. त्यांतले बहुतेक पहिल्या पावसाळ्यातच खिळखिळे होतात.

जगातले चांगले आणि स्वस्त खिशातले चाकू कुठे जन्मले हे पाहिले, तर सातपुड्याला ओळखीचे वाटावे असे चित्र दिसते. फ्रान्समधला साव्हा हा आल्प्सच्या डोंगरांतला प्रदेश. तिथल्या एका खेड्यात ओपिनेल घराणे कुऱ्हाडी आणि कोयते घडवत असे. त्या घरातल्या जोसेफ ओपिनेल या तरुणाने १८९० मध्ये शेतकऱ्यांच्या खिशासाठी एक साधा चाकू केला. लाकडी मूठ, मुठीला खाच, खाचेत घडी होणारे पाते, एक खिळा आणि एक कडे. १८९७ पर्यंत त्याने १ ते १२ क्रमांकांची मापे ठरवली. पाते उघडे असताना आपोआप मिटू नये म्हणून फिरवायची कडी १९५५ मध्ये आली. एवढा बदल सोडला, तर चाकू जवळपास तोच राहिला आहे. त्याचा ८ क्रमांक, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा, आजही जगभर कामकरी माणसांच्या खिशात असतो. जपानमध्ये मिकी नावाच्या लोहारकीच्या गावात १८९० च्याच दशकात हिगोनोकामी हा चाकू घडू लागला. त्याची मूठ म्हणजे दुमडलेला पितळी किंवा लोखंडी पत्रा. कडी नाही, कमान नाही. पात्याची शेपटी अंगठ्याने दाबून धरायची. शाळकरी मुले त्याने पेन्सिली तासत. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनरने १८९१ मध्ये सैनिकांसाठी चाकू पुरवायला सुरुवात केली आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या, अनेक पात्यांच्या चाकूची नोंदणी केली. आज व्हिक्टोरिनॉक्स या नावाने आपण ओळखतो तो हाच.

यांतले एकही पाते श्रीमंतांसाठी घडलेले नव्हते. कुऱ्हाड घडवणाऱ्या लोहाराला शेजाऱ्याच्या खिशाचीही गरज दिसली आणि त्याने हात छोट्या कामाकडे वळवला, एवढीच ती गोष्ट. आपल्याकडे लोहार आहेत, घिसाडी आहेत, ट्रकच्या कमानपाट्यातून विळे आणि धाऱ्या घडवणारे कसबी हात आहेत. त्यांच्याकडे कुणी घडीचा चाकू मागितलाच नाही. ही मागणी निर्माण व्हावी, हा ही पुस्तिका लिहिण्यामागचा माझा एक हेतू आहे आणि तो मी लपवत नाही.

आता निवडीकडे येतो. बहुतेक माणसे चाकू पाहताना आधी मूठ पाहतात, मग लखलखाट, मग किंमत. माझा क्रम उलटा आहे. आधी काम, मग पात्याची जाडी, मग पोलाद, मग सांधा, आणि सगळ्यात शेवटी रूप.

कामाचे महत्त्व पटवायला सातपुड्यातल्या आमचुराइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडले नाही. उन्हाळ्यात गावठी आंब्याच्या कैऱ्या उतरवतात, सोलतात, कोयीपासून फोडी काढतात आणि उन्हात वाळत घालतात. मोलगी आणि धडगावच्या बाजारात हा माल व्यापारी घेतात, आणि फोड जितकी पांढरी तितका भाव चांगला. आता साध्या लोखंडी पोलादाच्या पात्याने कैरी चिरून पाहा. पाते पहिल्या दोनचार फोडींतच करडे पडते. थोड्या वेळाने फोडीच्या कापलेल्या अंगावर काळसर निळी झाक उमटते. कैरीतले आम्ल लोखंड विरघळवते, आणि ते लोखंड सालीजवळच्या तुरट द्रव्यांशी मिळून काळा रंग तयार करते. हिरड्यापासून शाई होते ती याच मार्गाने. स्टेनलेस पात्यात क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास असते. त्याचा अदृश्य थर लोखंडाला आम्लापासून वाचवतो आणि फोड पांढरी राहते. म्हणजे कैऱ्या चिरणाऱ्या बाईसाठी स्टेनलेस पाते हा थेट भावाचा प्रश्न आहे. हवेने फोड थोडी काळवंडतेच. ते चाकूच्या हातात नाही. पण पात्यामुळे येणारा काळेपणा टाळता येतो.

बांबूच्या कामट्या काढणाऱ्याचे उत्तर वेगळे. त्याला साधे पोलाद जास्त सोयीचे. ते दगडावर लवकर धरते आणि बारीक धार घेते. गंजते हे खरे, पण रोज पुसून तेलाचे बोट फिरवले तर पात्यावर करडी साय धरते आणि पुढचा गंज मंदावतो. आणि कलमे बांधणाऱ्याला तिसरेच पाते हवे: एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूनेच उतार दिलेले. दोन्ही बाजूंनी उतार असलेल्या पात्याने काप किंचित वाकडा जातो, आणि खुंट व डोळकाडी एकमेकांना नीट चिकटत नाहीत.

जाडीबद्दल बाजारात मोठा गैरसमज आहे. चार मिलिमीटर जाड पाते हातात घेतले की ते मजबूत वाटते. पण तेच पाते पेरूत घातले तर कापायच्या आधी फोडते. पाचर जशी लाकूड दुभंगते तसा तो पेरू दुभंगतो. फळ, दोरी, गोणी, कागद, बांबूची चीप ही आपली रोजची कामे; त्यांना पाठीकडे दोन मिलिमीटरच्या आसपास आणि धारेकडे निमुळते होत गेलेले पाते पुरते. ओपिनेलचे यश मोठ्या अंशी या पातळपणात आहे. ज्याला खरोखर जाड पात्याचे काम आहे, त्याच्या घरी धाऱ्या आहेच.

पोलादाविषयी या पुस्तिकेत एक अख्खे प्रकरण आहे, म्हणून इथे दुकानात उपयोगी पडेल तेवढेच सांगतो. पात्यावर काही आकडे कोरलेले असतात. चिनी पद्धतीच्या नावात पहिला आकडा कार्बनचा. ३ सीआर १३ म्हणजे सुमारे ०.३ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम. हे पाते गंजत नाही, पण धार आठवडाभरही टिकत नाही. ८ सीआर १३ एमओव्ही म्हणजे सुमारे ०.८ टक्के कार्बन. परवडणाऱ्या चाकूत हे पोलाद मिळाले तर समाधान मानावे. युरोपीय चाकूंवर १२ सी २७ हे स्वीडिश पोलाद दिसते. त्यात कार्बन ०.६ टक्के असतो, धार छान बारीक लागते आणि साध्या दगडावर परत येते. नुसते ‘४४०’ लिहिले असेल तर विचारा, ए, बी की सी? तिघांच्या कार्बनमध्ये बराच फरक आहे, आणि ज्याच्याकडे सी असते तो ते अक्षर कोरायला विसरत नाही. ‘स्टेनलेस स्टील’ एवढेच लिहिलेल्या पात्याबद्दल काहीच कळत नाही.

पण नाव चांगले म्हणून पाते चांगले, असे नाही. पोलादाला पाणी कसे दिले यावर अर्धी गुणवत्ता ठरते. लोहाराकडे हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. पाते लालभडक तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवले की ते कडक होते, पण इतके ठिसूळ की दगडावर पडले तर तुकडा उडावा. म्हणून त्याला पुन्हा मंद ताप द्यायचा. घासून उजळवलेल्या पात्यावर रंग चढत जातो: आधी फिका गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. छोट्या चाकूला गवती पिवळ्यावर थांबवायचे. निळ्यापर्यंत गेले तर पाते वाकेल पण तुटणार नाही. कुऱ्हाडीला ते चालते, चाकूची धार मात्र बसते. हा रंग काही क्षणांत पुढे सरकतो, आणि तो अचूक पकडणाऱ्या लोहाराच्या डोळ्याला मी फार मानतो. विकत घेताना रंग दिसत नाही, पण लोहाराकडून घेत असाल तर त्याचीच कानस पात्याच्या कडेला हलकेच फिरवायला सांगा. कानस निसटली तर पाणी बसले आहे. तिने कीस काढला तर पाते मऊ आहे.

सांध्यापाशी स्वस्त चाकू उघडे पडतात. पाते उघडा, मूठ घट्ट धरा आणि पात्याचे टोक डावीउजवीकडे हलवा. डुगडुगले तर परत ठेवा. मिटलेला चाकू उजेडाकडे धरून मुठीच्या खाचेत पाहा; पाते मधोमध बसायला हवे, एका बाजूला घासायला नको. पाते उघडे ठेवणारी रचना तीनचार प्रकारची असते. मागची कमान दाबून धरते तो सगळ्यात जुना प्रकार. त्यात पाते अडकत नाही, फक्त थोपवले जाते, म्हणून टोचायच्या कामाला तो नको. आतली पत्र्याची पट्टी पात्याखाली सरकून बसते तो प्रकार हल्ली स्वस्त चाकूंत सर्रास मिळतो. पट्टी पात्याच्या बुडाशी पूर्ण टेकते का, हे डोळ्यांनी पाहून घ्या. फिरती कडी मला सगळ्यांत जास्त भरवशाची वाटते, कारण ती लागली आहे की नाही हे अंधारातही अंगठ्याला कळते. सांध्याला रिव्हेटऐवजी स्क्रू असेल तर उत्तम. सैल झाला की घरी आवळता येतो.

खटका दाबताच फटकन उघडणारा चाकू घेऊ नका. त्याची कमान लवकर मरते, धूळ गेली की अडकतो, आणि पोलिसाच्या नजरेत तो कामाचा चाकू राहत नाही. कायद्याबद्दल वाचकांच्या मनात भीती आणि बेफिकिरी दोन्ही असतात, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. शस्त्र अधिनियम, १९५९ हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेल्या वस्तूंना शस्त्र मानतो. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. नियमांच्या अनुसूचीत धारदार शस्त्रांचे माप दिले आहे: ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते. तीन इंची घडीचा चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला किंवा तणावाच्या काळात जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, आणि त्यांत चाकू-सुऱ्या बाळगण्यालाही बंदी असू शकते. त्या दिवसांत चाकू घरी ठेवावा. मेट्रोत आणि विमानाच्या हातसामानात तो चालत नाही. सभेला, कोर्टात, परीक्षेला जाताना खिसा तपासून निघावे. आणि भांडणाच्या जागी चाकू असलेल्या खिशाकडे हात जाऊच नये. ज्याला स्वतःच्या रागाचा भरवसा नाही, त्याने चाकू बाळगू नये, असे मला मनापासून वाटते.

आता परवडण्याचा हिशेब. बाजारातला शे-दीडशे रुपयांचा चाकू दरवर्षी बदलावा लागतो. त्याच्या काही पट किमतीचा, पातळ पात्याचा आणि दुरुस्त होणारा चाकू दहा-पंधरा वर्षे चालतो. पण हा हिशेब एका अटीवर खरा ठरतो: धार घरी लावता आली पाहिजे. अतिशय कडक, महागड्या पोलादाचा चाकू मोलगीच्या बाजारातल्या दगडावर धरत नाही; त्याला हिऱ्याचा दगड लागतो. बोथट झाला की तो पेटीत पडून राहतो. म्हणून काठीसारख्या ठिकाणी मी मध्यम कडकपणाचे पोलाद सुचवतो. व्हिक्टोरिनॉक्सची पाती मुद्दाम अशीच ठेवलेली असतात, कडकपणाच्या रॉकवेल मापावर सुमारे ५६ ची. धार लवकर उतरते, तशी लवकर येतेही. कुरुंदाचा दुपाखी दगड, थोडे पाणी, आणि पात्याची पाठ दगडापासून जरा उचललेली, साधारण १५ ते २० अंशांत. दोन्ही बाजूंना सारखे हात मारायचे आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाते उलट ओढायचे. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरबरीत कडा वेळ मारून नेते. या कामाची चित्रे तिसऱ्या प्रकरणात आहेत, आणि ती वाचण्यापेक्षा हातात चाकू घेऊन पाहावीत.

मुलांच्या हाती चाकू कधी द्यावा, अशी मला अनेकदा विचारणा होते. सातपुड्यात याचे उत्तर घराघरांत आधीच ठरलेले आहे. मूल मोठ्यांच्या शेजारी बसून पाहते, मग काठी तासते, मग दोरी कापते. पाते अंगापासून दूर चालवायचे, दुसऱ्याला देताना मिटवून द्यायचे, उघडा चाकू गवतात ठेवायचा नाही. हे तीन नियम तिथल्या आजोबांकडून ऐकलेले आहेत आणि पुस्तिकेत जसेच्या तसे घेतले आहेत. त्यात मी एकच भर घातली: गंजक्या पात्याने कापले तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारायला दवाखान्यात जावे. डोंगरात दवाखाना दूर असतो, म्हणून हे पुढे ढकलले जाते, आणि तसे ढकलू नये.

पुस्तिकेत चाकूंच्या किमती छापलेल्या नाहीत. आयात मालाचे भाव दर काही महिन्यांनी हलतात आणि छापलेला आकडा दुकानात भांडण लावतो. त्याऐवजी प्रत्येक प्रकारापुढे पाते, पोलाद, सांधा आणि दुरुस्ती असे चार रकाने ठेवले आहेत. पाचवा रकाना मुद्दाम कोरा आहे. तुमच्या बाजारात तो चाकू कितीला मिळाला आणि वर्षभराने त्याची अवस्था काय झाली, ते तिथे लिहावे. लोहाराकडून घडवून घेतलेल्या चाकूंची वेगळी पाने शेवटी जोडली आहेत. त्यांत मूठ, पाते आणि खाच यांची पूर्ण मापाची रेखाटने आहेत. ती पाने फाडून लोहाराच्या हातात देता यावीत म्हणून त्यांची शिवण सैल ठेवली आहे.